२००१ ची गाडी, चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनर 'लिंक' होत नाही. घरी कोड (बिघाडाचा आकडा) वाचता येतो का?

कुर्टीवाला (शुक्रवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी २००१ ची, पेट्रोल, एमपीएफआय (इंजेक्शनवाली), वडिलांनी घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चार प्रतिसादांत कंपन्यांवरून भांडण लागतं आणि माझी गाडी राहते तशीच. गेल्या रविवारी बेळगावहून चोर्ला घाटाने परत येत होतो, पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखा, आणि सुर्ल्याच्या आसपास डॅशवर तो पिवळा इंजिनाचा दिवा पेटला. गाडी बंद पडली नाही, फोंड्यापर्यंत नीट आली, पण तेव्हापासून चावी फिरवली की रेडिएटरचा फॅन सुरू होतो तो थांबतच नाही, सकाळी सेल्फ चार-पाच वेळा मारावा लागतो, आणि एव्हरेज १४ वरून १० वर आलंय.

इथल्या एका गॅरेजात नेली. त्याने टॅबलेटवाला स्कॅनर काढला, डॅशखाली पोर्ट शोधला, सापडेना, मग कुठला तरी अडॅप्टर लावला, तरी 'लिंक एरर'. शेवटी म्हणतो ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) गेलाय, सेकंडहँड बघतो, अठरा हजार धरा. अठरा हजारात तर गाडीच जाईल माझी!! ईसीएम गेला तर गाडी सुरू कशी होते विचारलं तर उत्तर नाही.

माझ्याकडे एक मल्टिमीटर आहे (साडेतीनशेचा, पिवळा), पाने, सोल्डरिंग आयर्न. चवथीला पेडण्याला घरी जायचंय सगळ्यांना घेऊन, तोवर काही होईल का?

टॉर्कबाब (शुक्रवार, रात्री ११:४८)

ब्लूटूथ ईएलएम३२७ (पोर्टात खोचायचा छोटा डोंगल) घ्या भाऊ, ऑनलाइन चारपाचशेला मिळतो, मोबाइलवर ॲप टाका, दोन मिनिटांत कोड. मी माझ्या २०१६ च्या गाडीत तोच वापरतो.

घाटवळण (शनिवार, सकाळी ७:०५)

हे सगळं ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे होतंय. जुन्या गाड्या मुद्दाम मारायला काढलेलं आहे ते.

जुना पाना (शनिवार, सकाळी ९:३०)

घाटवळण, ई२० वर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे पेट्रोलचा संबंध नाही, इथाइल अल्कोहोलने फॅन चोवीस तास फिरत नाही.

टॉर्कबाब, तुमची गाडी २०१६ ची म्हणून तो डोंगल चालतो. आपल्याकडे बीएस-४ (धुराचा नियम) गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून कोड द्यायची सोय, त्यातलं ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, आणि बीएस-४ स्वतः देशभर लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. अमेरिकेत ओबीडी-२ १९९६ च्या मॉडेलपासूनच होतं, म्हणून त्यांचे व्हिडिओ बघून आपली पोरं फसतात, ''९८ ची गाडी आहे, पोर्ट असणारच'' म्हणत डॅशखाली टॉर्च घेऊन झोपतात. बरं, २००५-०८ च्या कित्येक गाड्यांत सोळा पिनांचा पोर्ट असतो पण आत भाषा कंपनीची स्वतःची, तिथेही हा डोंगल मुका.

आता कुर्टीवाला. अरे बाबा, ज्या काळात स्कॅनर नव्हते त्या काळातले इंजिनिअर काही खुळे नव्हते. त्यांनी दिव्यालाच बोलायला शिकवलं होतं. जपानी घराण्यातली गाडी असेल (वर्णनावरून तशीच वाटते) तर बोनेट उघड, बॅटरीच्या आसपास किंवा फायरवॉलला रबराची टोपी घातलेला एक छोटा कपलर लोंबत असेल, कशालाच न जोडलेला. लोकांना वाटतं मेकॅनिक काहीतरी लावायचं विसरला. तो डायग्नोसिसचा कपलर. त्यात एक पिन डायग्नोसिसची, एक अर्थची (अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेली). चावी बंद असताना त्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, मग चावी ऑन, इंजिन सुरू करायचं नाही, आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत बसायचं, तोच कोड.

पण कुठल्या दोन पिना ते अंदाजाने नको. मॅन्युअल मिळव. नाही मिळालं तर मीटर ओहमवर ठेवून, चावी बंद, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसऱ्या टोकाने एकेक पिन बघ, जिथे जवळजवळ शून्य येतं ती अर्थ. आणि चावी ऑन करून जिथे १२ व्होल्ट दिसतात ती पिन अर्थला कधीही लावायची नाही, फ्यूज उडेल, आणि फ्यूजच उडाला तर नशीब समज. दुसरं, स्टिअरिंगच्या खाली पिवळे कपलर असतील तर ते एअरबॅगचे, तिथे मीटर, पिन, बोट काहीही घालायचं नाही.

मी चाळीस वर्षं हेच केलं, आता डिचोलीत घरी बसून नातवंडं सांभाळतो. विचार काय ते, सकाळी उत्तर देतो.

नवीन लायसन (शनिवार, सकाळी १०:१२)

रुमाल टाकून ठेवतो. काका, होंडामध्येपण असंच का? आमच्याकडे पहिल्या पिढीतली सिटी आहे.

जुना पाना (शनिवार, सकाळी ११:०२)

साधारण तसंच. त्यात ग्लव्हबॉक्सच्या बाजूला कार्पेटमागे दोन तारांचा एक कपलर असतो, तो यू-पिनने जोडायचा. लांब ब्लिंक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. एक लांब चार आखूड म्हणजे १४. टोयोटाच्या जुन्या गाड्यांत बोनेटखालच्या चौकोनी डबीवर टीई१ आणि ई१ लिहिलेलं असतं, ते दोन.

आणि एक लक्षात ठेव, आकडा सारखा असला तरी अर्थ सारखा नसतो. होंडात १४ म्हणजे आयडल एअर कंट्रोल. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत १४ म्हणजे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) सेन्सरकडून ''फार गरम'', १५ म्हणजे ''फार थंड''. दुसऱ्या एका घराण्यात नेमकं उलटं. तेव्हा नेटवरची कुठलीही यादी आपल्या गाडीला लावायची नाही.

कुर्टीवाला (शनिवार, रात्री ९:४०)

काका!!! बोलला दिवा!

कपलर सापडला, बॅटरीच्या मागे, वर चिखल बसलेला, टोपी काढताना हातात तुकडे आले. मॅन्युअलची फोटोकॉपी वडिलांच्या कपाटात एलआयसीच्या कागदांखाली निघाली, म्हणजे पिनांचा प्रश्न मिटला. स्टेपलरच्या शेजारी पडलेली यू-पिन घेतली, मध्ये इन्सुलेशन टेप गुंडाळली, लावली.

पहिल्यांदा मी मोजलं १३. दुसऱ्यांदा १४. तिसऱ्यांदा २३ वाटलं. अंगणात ऊन पडलं होतं आणि त्या डॅशचा दिवा म्हणजे विझत्या निरांजनासारखा, काय दिसणार. शेवटी स्टिअरिंगवर टॉवेल टाकून आत डोकं घातलं, तेही जमेना, मग मुलीने मोबाइल टॉवेलच्या आत धरून व्हिडिओ काढला आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर स्लो करून बघितला. एक ब्लिंक, थांबला, चार ब्लिंक, मोठा पॉझ. असं तीन वेळा, मग परत पहिल्यापासून तेच. म्हणजे १४ आणि फक्त १४. माझ्या मॅन्युअलमध्ये १४ म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सर, थंड दाखवतोय किंवा सर्किट ओपन (कुठेतरी तुटलेलं).

सोमवारी मडगावहून सेन्सर आणतो, झालं काम. देव बरें करूं काका.

जुना पाना (रविवार, सकाळी ८:१५)

थांब रे. सेन्सर आणू नको इतक्यात. फॅन का थांबत नाही ते तरी कळलं का? ईसीएमला पाणी किती तापलंय ते कळेना झालंय, म्हणून तो स्वतःच एक आकडा धरून चालतो आणि इंजिन शिजू नये म्हणून फॅन चालूच ठेवतो. सकाळी थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल लागतं, ते मिळत नाही, म्हणून तुझा सेल्फ. म्हणजे ईसीएम गेलेला नाही, उलट शहाण्यासारखा वागतोय.

कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, दोन वायरी आणि ईसीएम. यातला कोण मेलाय ते मीटरने बघायचं.

शुक्रवारचो बाजार (रविवार, दुपारी १२:५०)

माझा प्रश्न इथेच विचारू का, वेगळा धागा नको. म्हापशात असते, गाडी २०१४ ची, नवऱ्याने तो डोंगल आणलाय, त्यात पी ०११८ येतंय आणि पुढे ''हाय इनपुट''. तो म्हणतो इंजिन ओव्हरहीट होतंय म्हणून मला गाडी चालवू देत नाही, रिक्षाने फिरवतोय चार दिवस. काटा तर मध्येच असतो!

जुना पाना (रविवार, दुपारी ४:३०)

बाय, नवऱ्याला सांगा हाय म्हणजे व्होल्टेज हाय, पाणी नव्हे. या सेन्सरचा रेझिस्टन्स गरम झाला की कमी होतो. म्हणून व्होल्टेज जास्त म्हणजे ईसीएमला वाटतंय पाणी बर्फासारखं थंड. साध्या भाषेत वायर सुटलीय किंवा कपलर सैल, म्हणजे तुमचा पी ०११८ आणि कुर्टीवाल्याचा १४ हे चुलतभाऊ. पाण्याची पातळी थंड इंजिनावर एकदा बघून घ्या आणि मग त्या सेन्सरचा कपलर काढून परत टक् आवाज येईपर्यंत बसवा, कधी कधी एवढंच असतं.

आणि काट्यावर जाऊ नका. पुष्कळ गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा, एका वायरचा, ईसीएमचा वेगळा, दोन वायरींचा.

कुर्टीवाला (सोमवार, रात्री १०:१०)

काका, रागावू नका, पण मी सेन्सर आणला :( 

ऑफिसातला एकजण मडगावला चाललाच होता, म्हटलं सहाशेचा तर आहे. त्याने पहिल्यांदा एका वायरचा आणला (काट्याचा, तुमचं वाक्य आठवून कपाळावर हात मारला), आज परत पाठवून दोन वायरींचा मागवला. बसवला, पाऊण लिटर कूलंट अंगावर घेतलं, बॅटरीचं मायनस काढून मिनिटभर ठेवलं, परत लावलं, सुरू केली. दिवा परत. कोड परत १४.

घाटवळण (सोमवार, रात्री १०:३५)

सुई टोचून बघा ना वायरीत. इन्सुलेशनमधून सुई घातली की मीटर लावता येतो, कपलर काढायची भानगड नाही. मी असंच करतो.

जुना पाना (मंगळवार, सकाळी ७:५०)

घाटवळण, तुमच्या गाडीत टोचा, त्याच्या नको. गोव्याच्या पावसात वायरीला भोक म्हणजे आमंत्रण. मीटर लावायचा तर कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सील शेजारून बारीक पिन सरकवायची, तांब्याला मिळते, इन्सुलेशन शाबूत.

कुर्टीवाला, रागावत नाही. जुना सेन्सर फेकलास का? नसशील तर आधी तो तपास. मीटर २० किलोओहमवर, दोन पिनांवर दोन टोकं, आणि सेन्सरची पितळी बाजू पाण्यात. आपल्याकडच्या खोलीतल्या पाण्यात दीड-दोन किलोओहम यायला हवा, मग पाणी तापवत ने, उकळी फुटेपर्यंत आकडा दोनशे ओहमच्या आसपास उतरायला हवा, हळूहळू, मध्ये उड्या न मारता. तुझ्या गाडीचे नेमके आकडे मॅन्युअलमध्ये असतीलच.

मग गाडीवर. सेन्सरचा कपलर काढ, चावी ऑन, वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये व्होल्ट बघ. ५ यायला हवेत.

कुर्टीवाला (मंगळवार, रात्री ९:२०)

जुना सेन्सर चहाच्या टोपात घातला (बायकोला आत्ता कळलं, टोप आता गाडीचाच झाला). थंड पाण्यात १.६८, मग १.२, ०.८, बुडबुडे यायला लागले तेव्हा ०.३, उकळल्यावर ०.१९. एकदम सरळ उतरत गेला. म्हणजे जुना सेन्सर ठणठणीत आणि सहाशे पाण्यात. अक्षरशः.

गाडीवर ५ व्होल्ट मिळाले. ४.९८. म्हणजे वायरीपण ठीक. मग राहिला कोण? ईसीएमच ना? गॅरेजवाला बरोबर होता काय?

जुना पाना (बुधवार, सकाळी ७:३०)

काळी प्रोब कुठे लावली होतीस?

कुर्टीवाला (बुधवार, सकाळी ८:०४)

बॅटरीच्या मायनसला. का?

जुना पाना (बुधवार, सकाळी ८:२०)

मी दोन पिनांमध्ये म्हटलं होतं, राजा.

बॅटरीचा मायनस घेतलास म्हणजे फक्त जाणारी वायर तपासलीस. ईसीएम ५ व्होल्ट एका वायरीने पाठवतो, ते सेन्सरमधून दुसऱ्या वायरीने परत ईसीएमच्या अर्थला जातात. परतीची वायर तू बघितलीच नाहीस. आता काळी प्रोब शेजारच्या पिनेत घाल. आणि मग एक खेळ कर: कपलर काढलेला, चावी बंद, त्याच दोन पिना यू-पिनने जोड, इंजिन मिनिटभर सुरू कर, बंद, कोड वाच. सर्किट चांगलं असेल तर ईसीएमला वाटेल पाणी भयंकर तापलं आणि तुझ्या मॅन्युअलप्रमाणे १४ च्या सोबतीला १५ येईल. १५ आला नाही तर वायर मेलेली.

नवीन लायसन (बुधवार, सकाळी १०:४०)

हे भारी आहे राव, मुद्दाम उलटा बिघाड करून बघायचा. वाचनखूण साठवली.

कुर्टीवाला (बुधवार, रात्री ११:५५)

दोन पिनांमध्ये ०.०२. काही नाही.

यू-पिन जोडली, कोड फक्त १४, १५ आला नाही. मग डोकं चाललं, यू-पिनचं एक टोक ५ व्होल्टच्या पिनेत आणि वायरचा तुकडा लावून दुसरं इंजिनच्या अर्थच्या बोल्टला, परत मिनिटभर चालवली, आणि काका, १४, १४, १४, मग १५, १५, १५! ईसीएम जिवंत आहे! परतीची वायरच तुटलीय! रात्री अकराला अंगणात ओरडलो तर शेजारचं कुत्रं उठलं.

पण ही वायर तर ईसीएमपर्यंत जाते, डॅश उघडावा लागेल?

जुना पाना (गुरुवार, सकाळी ७:१०)

शाब्बास, मी सांगायच्या आधी केलंस.

डॅश नको. विचार कर: तीच परतीची अर्थ थ्रॉटल पोझिशन सेन्सरला (ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारा) आणि बाकीच्यांनाही जाते, आत कुठेतरी जोड असतो. ती ईसीएमजवळ तुटली असती तर थ्रॉटलचाही कोड आला असता. तुझ्याकडे एकटा १४. म्हणजे जोडापासून या सेन्सरपर्यंतच्या फाट्यातच तुटलीय, हात-दीड हात अंतर. काळी प्लास्टिकची नळी उघड आणि वायर बोटांनी हलकी ओढत ये. जिथे रबरासारखी ताणते तिथे आत तांबं नाही.

कुर्टीवाला (शनिवार, संध्याकाळी ६:४५)

उशीर झाला, दोन दिवस पाऊस थांबेना आणि माझ्याकडे गॅरेज म्हणजे आंब्याचं झाड.

आज सकाळी नळी चिरली. थर्मोस्टॅटच्या घरापासून वीतभर अंतरावर काळी-हिरवी वायर, ओढली तर च्युइंगगमसारखी लांब झाली. ब्लेडने सोलली. आत तांब्याच्या जागी हिरवी पूड, चिमटीत घेतली तर बोटाला रंग लागला. दोन-अडीच इंचांपर्यंत तसंच, पुढे काळपट, मग कुठे चकचकीत तांबं लागलं. 

आणि त्या खराब भागाच्या बरोबर मध्ये इन्सुलेशनवर एक टाचणीएवढं भोक.

आता सांगतो, हसू नका. दोन वर्षांपूर्वी फॅन उशिरा लागतो म्हणून मी एक व्हिडिओ बघून याच वायरीत सेफ्टी पिन टोचून व्होल्टेज बघितलं होतं. मीच. ती पिनसुद्धा टूलबॉक्समध्ये सापडली.

चार इंच कापली, तेवढ्याच जाडीची नवी वायर घातली, पिळून सोल्डर केलं, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), वर टेप. बॅटरीचं मायनस काढून लावलं. यू-पिन लावून बसलो, मुलीने टॉवेल धरला. एक ब्लिंक, दोन ब्लिंक. एक, दोन. एक, दोन. मॅन्युअल म्हणतं १२ म्हणजे सगळं ठीक. यू-पिन काढली, गाडी सुरू केली, पहिल्या सेल्फला लागली, आणि फॅन गप्प. इतका गप्प की पाच मिनिटांनी मला भीती वाटायला लागली फॅन गेला की काय म्हणून, काटा मध्यावर येऊन फॅन एकदा फिरला आणि थांबला तेव्हा बरं वाटलं.

हिशोब: सेन्सर सहाशे, कूलंट पावणेतीनशे, वायर आणि श्रिंक पन्नास, टोप वेगळा.

शुक्रवारचो बाजार (शनिवार, रात्री ८:३०)

अभिनंदन! आमचा कपलर अर्धवटच बसला होता, सर्व्हिसिंगहून आल्यापासून. टक् झालं, कोड डिलीट केला, पाच दिवस आला नाही. नवरा आता म्हणतो मी म्हटलंच होतं.

घाटवळण (शनिवार, रात्री ९:१५)

सुईने एवढं होतं हे माहीत नव्हतं. मी माझ्या गाडीत निदान सहा ठिकाणी टोचलंय. आता काय करू?

जुना पाना (रविवार, सकाळी ८:००)

पाऊस ओसरला की एकेक भोक शोधा, कोरडं करा, थेंबभर सिलिकॉन आणि वर टेप. हिरवं दिसलं तिथे कापून जोडा. आठवत नसेल कुठे टोचलंय तर त्या सेन्सरांच्या वायरी ओढत बसा, दुसरा इलाज नाही.

कुर्टीवाला, त्या डायग्नोसिसच्या कपलरची रबरी टोपी तुटली म्हणालास, तो उघडा ठेवू नको. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून वरून टाय मार. आणि नवा सेन्सर काढून जुना लाव, नवा डिकीत ठेव.

कुर्टीवाला (रविवार, सकाळी ८:२५)

परत पाऊण लिटर कूलंट अंगावर घ्यायचं? नवा राहू दे, जुना डिकीत ठेवतो काका. ट्यूब आत्ताच कापतो.